विहिरीतला हात

राजुरी, ता. जुन्नर
४ नोव्हेंबर १९९९

सौ. प्रयागताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. शिनोलीचा फोन चार दिवस लागत नाही, म्हणून लिहितो. तसं पत्रच बरं, तुला मध्येच तोडता येत नाही.

आनंदाची बातमी आहे. आपल्या मळ्यातल्या विहिरीपाशी मंदिर होणार. मंचरच्या बाजारात कांद्याचा मोठा गाळा असलेले संपतभाऊ आता आपल्या संस्थानचे अध्यक्ष आहेत, त्यांनी सगळं मनावर घेतलं आहे. मंदिर, पुढे सभामंडप, बाजूला भक्तनिवास. विहिरीच्या पूर्वेचा पडीक तुकडा त्यासाठी लागेल. दादा गेल्यापासून सातबारावर तुझं नि माझं अशी दोन नावं आहेत. सगळ्या बहिणी भावाला हक्कसोडपत्र लिहून देतात, तसं तू मला दे, म्हणजे तो तुकडा मी संस्थानला देऊ शकेन. जुन्नरच्या कचेरीत अर्ध्या तासाचं काम आहे. २२ तारखेला गाडी पाठवतो. साडीचोळी माझ्याकडून.

त्या तुकड्यावर म्हस्कू धनगराच्या मेंढरांचा तळ असतो. त्याला दुसरी जागा बघायला सांगितलं आहे. तो काही बोलला नाही.

सोबत संस्थानने छापलेलं माझं छोटं चरित्र आहे. पान सातवर विहिरीचा प्रसंग आहे, तो अवश्य वाच. लोक तो वाचून रडतात.

तुझा,
सोमा


शिनोली, ता. आंबेगाव
१२ नोव्हेंबर १९९९

सोमास,

जगाचा तू महाराज असशील, मी तुला सोमाच म्हणणार.

पान सात वाचलं. "श्रीमहाराज अठरा वर्षांचे असता पाणी शेंदताना पाय घसरून अथांग जळात गेले. तोच वरून एक तेजस्वी हात आला. त्या हाताला मनगटापुढे देह नव्हता. त्याच क्षणी महाराजांस हाक ऐकू आली." मी रडले नाही. पुस्तिका चुलीत टाकणार होते, पण पुरावा म्हणून ठेवली.

त्या हाताला देह होता, सोमा. मी तिथे होते. त्र्याहत्तर सालचा जून, दुष्काळाचं वर्ष सरत होतं. विहिरीत अथांग जळ कुठलं? मधल्या डबऱ्यात पुरुषभर पाणी आणि भोवती उघडा खडक. मी भाकरी घेऊन येत होते. तू दिसला नाहीस, पण विहिरीत उडी टाकणारा माणूस मला दिसला. तो खडकावर आदळला. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. तशा पायाने तो डबऱ्यात शिरला, तुला बाहेर ओढलं, स्वतःचं पागोटं तुझ्या काखेतून घालून दोराला बांधलं आणि आम्ही तुला वर घेतलं. त्याला नंतर काढलं, खाटेला बांधून, चार माणसांनी. त्या माणसाला नाव होतं, बायको होती, दोनशे मेंढरं होती. तू पत्रात त्याला 'म्हस्कू' लिहितोस. माझ्यासाठी ते म्हस्कूतात्या आहेत. आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आहेत, एवढं तरी लाजेने लक्षात ठेव.

दर दिवाळीनंतर त्यांचा कळप घाट उतरून कोकणात जायचा. त्या पायाने तात्यांचं कोकण सुटलं. तेव्हा दादा म्हणाले होते, "म्हस्कू, तुजा पाय माज्या पोरापायी गेला. ही जागा तुजी. मेंढरं हितंच बसव, माजं रान खतव, घरातनं दाणं ने." कागद केला नाही, कारण तेव्हा दादांच्या तोंडाला किंमत होती. ती मेंढरं सव्वीस वर्षं आपल्या जमिनीत खत घालत आहेत. आणि आता त्यांना उठवायचं कशासाठी? त्यांनीच तुला जिथून काढलं तिथे देवाचा हात बसवण्यासाठी!

लिहितोस, तो काही बोलला नाही. तू बोलायला जागा ठेवलीस का? आधी त्यांचा पाय घेतलास, मग हात घेतलास, आता त्यांच्या बुडाखालची जमीन मागतोस, आणि वर मला साडी देतोस.

सही करणार नाही. गाडी पाठवू नकोस.

प्रयाग


राजुरी
३० नोव्हेंबर १९९९

ताई,

तुझं पत्र मिळालं. पंचवीस वर्षं मास्तरकी केल्यावर माणसाला जे फळ्यावर लिहिता येतं तेवढंच खरं वाटू लागतं. तुला राग आला म्हणून तुझं बरोबर ठरत नाही. राग मलाही येतो.

मी कीर्तनात खोटं बोलत नाही. तू काठावर होतीस. काठावरच्याला कोण आलं ते दिसतं. बुडणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की वरून काहीतरी आलं आणि आपण आता आपले राहिलो नाही. मी माझी हाक त्या आतल्या बाजूने सांगतो. हात म्हस्कूचा असेल. पण त्या वेळेला, त्या ठिकाणी, कोकणात जाऊन-येऊन फिरणारा तो माणूस नेमका विहिरीपाशी कसा होता? त्याला कुणी पाठवलं? याचं उत्तर तुझ्या फळ्यावर नाही. मेंढरांच्या तळापेक्षा त्या जागी नामस्मरण झालं तर देवाला राग येईल असं मला वाटत नाही.

आणि या हाकेचं फळ बघ. तू दारूच्या दुकानावर बायकांचा मोर्चा नेतेस, माइकवर आग ओकतेस, दुकान आठ दिवस बंद राहतं. मी पान सातचा प्रसंग सांगतो, आणि माणूस माझ्यासमोर माळ घालून पिणं सोडतो. अशी तीनशे घरं मी तुला दाखवीन. त्या घरातल्या बायकांना जाऊन सांग, की तुमच्या महाराजांना वाचवणारा हात धनगराचा होता, तेव्हा नवऱ्याला पुन्हा पिऊ द्या.

२ जानेवारीला संस्थानची सभा आहे. तुला एवढाच विश्वास आहे तर ये. म्हस्कूला सर्वांसमोर उभा कर आणि विचार. मी मध्ये पडणार नाही, हा माझा शब्द.

सोमाजी


शिनोली
५ जानेवारी २०००

सोमाजी महाराज,

या वेळी तुला तुझ्या पदवीने लिहिते, कारण भाऊ म्हणून लिहायला काही उरलं नाही.

सभेत काय झालं ते तू पाहिलंस, तरी लिहिते. उद्या त्याचीही पुस्तिका निघेल. मी तात्यांना हाताला धरून मंडपात आणलं. म्हटलं, "तात्या, त्र्याहत्तरच्या जूनमध्ये सोमाला विहिरीतनं कुणी काढलं?"

तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "बाई, लई दिस झालं. मला न्हाई आठवत."

"पाय कशानं मोडला?"

"मोडला कशानं तरी. मानसाचं काय ना काय मोडतंच."

मंडप हसला. तुझे संपतभाऊ म्हणाले, "ताई, सोडा आता गड्याला. पावणं जेवायचं थांबलेत." पुन्हा हसला. पन्नास सभा मी गाजवल्या आहेत, अंगावर दगड घेतले आहेत. त्या दिवशी मीच खाली बसले.

मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या तोंडावर विजय असता तर मी तो सहन केला असता. तुझ्या तोंडावर सुटका होती. शिक्षा टळलेल्या पोराच्या तोंडावर असते तशी. मी वर्गात रोज पाहत आले आहे, मला ती ओळखता येते.

बाहेर आल्यावर तात्यांवरही ओरडले. म्हटलं, एवढे भ्यालात? त्यांनी काठी टेकत तळाची वाट धरली. तुकाकाकू मात्र बोलल्या, "तुमी भांडून येष्टीत बसून जाताल, ताई. आमाला हितंच ऱ्हायाचंय." बायको नवऱ्याची लाज झाकत होती, एवढं कळलं.

काय दिलंस त्यांना? पैसे, की धमकी? तू मध्ये पडणार नाहीस असा शब्द दिला होतास. पडायची गरजच नव्हती, तू आधीच सगळं उरकलेलं होतंस. तुझी ती तीनशे घरं मला मोजून दाखवू नकोस. एका घराला बेघर करून तीनशे घरं वसत नसतात.

सही विसर. राखीचीही वाट पाहू नकोस.

प्रयाग


राजुरी
११ मार्च २०००

ताई,

दोन महिने हे पत्र लिहितो आणि फाडतो. आज पाठवतो आहे. एका बैठकीत वाच.

मी तात्यांना पैसे दिले नाहीत, धमकीही दिली नाही. त्याहून वाईट केलं.

मी विहिरीत पडलो नव्हतो. मी उडी मारली.

मॅट्रिकचा निकाल आला तेव्हा मी घरी येऊन सांगितलं, पास झालो. का सांगितलं ते अजून कळत नाही. दादांच्या चेहऱ्याकडे बघून तोंडातून गेलं. दादांनी आळीभर साखर वाटली, हे तुला आठवत असेल. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर पारावर भेटले आणि त्यांना खरं सांगून गेले. गणित आणि इंग्रजी, दोन्ही गेले होते. तू तेव्हा मळ्यासाठी भाकरी करत होतीस. दादा मला ओट्यावर एवढंच म्हणाले, "आता घरोघर जाऊन साखर परत मागू का?"

मी तसाच विहिरीवर गेलो.

पाण्यात तेज नव्हतं, ताई. गाळ होता. तो नाकात गेला. मग कुणीतरी केसाला धरून ओढलं. तू दोर आणि माणसं आणायला धावलीस तेवढ्यात तात्यांनी मला खडकावर टाकलं आणि पाय मोडलेल्या अवस्थेत, बसल्या बसल्या, माझ्या दोन मुस्काटात दिल्या. म्हणाले, "आरं भाड्या, जीव नको व्हता तर मला द्याचा! माज्याकडं दोनशे मेंढरं हायती आन् राखनारा मी येकला. माजा पाय घालवलास. आता मेंढरं कोन राखील, तुजा बा?"

ही माझी हाक. सव्वीस वर्षं मी ती लपवून ठेवली आहे. मला कुणी बोलावलं नाही, मला कामाला लावलं. ज्या क्षणी मी स्वतःला फुकट गेलेला समजत होतो, त्या क्षणी एक माणूस माझ्यावर ओरडत होता की तुझ्यावाचून माझं अडलं आहे. पुढचे चार महिने मी त्यांची मेंढरं राखली, सगळ्यांना वाटलं की दादांनी सांगितलं म्हणून. आंबेगावच्या डोंगराकडेला पावसात घोंगडं घेऊन उभा राहायचो. डोक्यात उलटसुलट येऊ नये म्हणून मोठ्याने अभंग म्हणायचो. शेजारच्या कळपांचे धनगर ऐकायला यायचे. संध्याकाळी तात्या खाटेवरून विचारायचे, "समदी आली का?" आणि एखादं लंगडत असलं तर मला आईवरून शिव्या द्यायचे. तेवढा आदर मला पुढे कुणी दिला नाही. आता सगळे पायाच पडतात.

पहिल्या कीर्तनात कुणीतरी विचारलं, तुम्ही या वाटेला कसे लागलात? मी म्हणालो, विहिरीत पडलो होतो, हात आला. बाकीचं लोकांनी घातलं. दर वर्षी हात उजळत गेला. मी फक्त 'नाही' म्हणालो नाही.

आता सभेचं. ज्या दिवशी मला काढलं त्या दिवशी, वैदू त्यांचा पाय बांधत होता, तेव्हा मी रडून त्यांना म्हटलं, मी उडी टाकली हे कुणाला सांगू नका, विहिरीचं नावच काढू नका. त्यांनी भैरवनाथाचा बेलभंडारा उचलला. म्हणाले, "घेतली आन. तू सोडवशील तवा सुटंन." धनगराने उचललेली आण कशी असते ते मी तुला सांगायला नको. जागा गेली असती तरी ते बोलले नसते. मला ते माहीत होतं. म्हणून तर मी तुला सभेला बोलावलं.

आता तुला हवं ते म्हण.

सोमा


शिनोली
१६ मार्च २०००

सोमा,

पत्र वाचलं. रडू आलं, त्याचाच मला जास्त राग आला.

उडी मारलीस त्याची लाज बाळगू नकोस. अठरा वर्षांचं पोर होतास, आणि दादांनी बोलायला नको होतं ते बोलले. पण एक ऐक. त्याच्या आदल्या वर्षी मी मास्तरकीच्या परीक्षेत जिल्ह्यात तिसरी आले होते. आपल्या घरातून चिमूटभर साखर बाहेर गेली नाही. "पोरीचं काय वाटायचं," म्हणाले. मी विहीर शोधली नाही, नोकरी शोधली. तू पास न होता साखर खाल्लीस, पुढे संत न होता पाद्यपूजा घेतलीस. तुझी सवय जुनी आहे.

आणि मी त्या माणसाला भर मंडपात भित्रा ठरवलं! मी! जन्मभर वाचन केलं, माणसं ओळखते असा तोरा मिरवला, आणि समोर आण पाळणारा माणूस उभा होता तर मला तो विकला गेलेला दिसला. तू मला माझ्याच तोंडाने त्यांचा अपमान करायला लावलास. हे मी तुला सोडणार नाही.

मला पत्र लिहून तू हलका झाला असशील. मी तुझी पापं ठेवायची पेटी नाही. आधी जा आणि तात्यांना आणेतून सोडव. मग चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेत तुझं कीर्तन असतं, तिथे उभा राहा आणि हेच, याच शब्दांत, शिव्यांसकट सांग. तुझ्या तीनशे घरांतली दारू खोट्या हाताने सुटली असेल तर ती खऱ्या शिवीनेही सुटेल. सुटत नसेल तर ती सुटलीच नव्हती.

तोवर लिहू नकोस.

प्रयाग


राजुरी
२५ एप्रिल २०००

ताई,

सांगितलं. सगळं सांगितलं, आणि काहीही झालं नाही. मी इतका संतापलो आहे की लेखणी कागद फाडते आहे.

यात्रेच्या सकाळी तात्यांना देवळात नेलं. त्यांनी बेलभंडारा भैरवनाथापुढे ठेवला आणि मला म्हणाले, "सुटलो म्हन. सव्वीस वर्सं तोंडात खडा धरून बोलल्यावानी व्हतं." मला वाटलं होतं ते मिठी मारतील. ते उठून मेंढरांकडे गेले.

कीर्तनाला पाच हजार माणूस असेल. मी निकाल सांगितला, साखर सांगितली, उडी सांगितली. गाळ सांगितला. दोन मुस्काटात सांगितल्या. शिवी दिली. टाळ थांबले. मृदंगवाल्याने हात मांडीवर ठेवले. पाच हजार माणसं गप्प बसली आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण कीर्तन केलं.

मग संपतभाऊ हार घेऊन उठले. माइक हातात घेतला. "ऐका हो मंडळी! आज महाराजांनी गुपित फोडलं! म्हस्कू म्हंजे कोन? आपला भैरवनाथच धनगराच्या रूपानं आला व्हता!"

ताई, मंडप असा गर्जला की मी 'नाही, नाही' ओरडत होतो ते माझं मलाच ऐकू येईना. एक म्हातारी मला म्हणाली, "महाराज, किती नम्र हो तुमी."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तळावर चाळीस बायका नारळ घेऊन हजर. कुणी तात्यांच्या मोडक्या पायाला हळद लावते, कुणी पोराला पायावर घालते. मेंढरं बुजून उसात शिरली. संपतभाऊ म्हणाले, आता तर मंदिर इथेच पाहिजे, आत म्हस्कूच्या पायाची दगडी प्रतिमा बसवू, आणि म्हाताऱ्याला गावात एक खोली देऊ, मेंढरं विकून आरामात राहील. अक्षय्य तृतीयेला पाया खणायचा, ताईची सही मागाहून होईल.

तात्यांनी काठीने नारळ फोडले. मी जवळ गेलो तर माझ्यावर धावले. "आदी मला मानसातनं काढलंस, आता देवात घालतोस व्हय रं? मला मेंढरं बसवाया जागा पायजे! देवाला जागा लागत न्हाई, देवाची मेंढरं कोन हाकलीत न्हाई!" मी काही बोलायला तोंड उघडलं. म्हणाले, "तू बोलू नगस. तुज्या तोंडातनं काय बी निगालं की त्याची मूर्ती व्हती."

पंचवीस वर्षं मी शब्दावर जगलो. आता सांग, काय करू? मी खरं बोललो तरी ते खोटं होतं.

सोमा


शिनोली
२८ एप्रिल २०००

सोमा,

तात्या तुला कळलेल्या सगळ्या शास्त्रापेक्षा शहाणे आहेत. बोलू नकोस. सही कर.

मी तुला जमीन द्यायची नाही, तू मला द्यायचीस. विहीर आणि पूर्वेचा तुकडा यांवरचा तुझा हक्क सोडल्याचा कागद माझ्या नावे कर. भावाने बहिणीला हक्कसोडपत्र लिहून दिल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, ऐकायची इच्छा आहे. अक्षय्य तृतीयेच्या आत कर. मग त्या जागेत कुदळ मारणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं. मी मूर्ती होत नाही, याची गावाला खात्री आहे.

मी जुन्नरला येणार नाही. मला तुझं तोंड बघायचं नाही. देणाऱ्याने गेलं तरी पुरतं, मी वकिलाला विचारलं आहे. धोतरजोडी माझ्याकडून पाठवते.

आणि हे करताना कीर्तन नको, जाहीर करणं नको, त्यागाची भाषा नको. दात काढून घ्यायला जातात तसा जा आणि परत ये.

प्रयाग


राजुरी
२ जून २०००

ताई,

कागद रजिस्टर टपालाने आधीच पाठवला, तो मिळाल्याची पोच आली. आज बाकीचं लिहितो.

कचेरीबाहेरच्या लेखनिकाने मला बसायला खुर्ची दिली, पाया पडला, आणि सवयीने तुझं नाव देणाऱ्यात नि माझं घेणाऱ्यात टंकलं. मी म्हटलं, उलटं करा. तो म्हणाला, "महाराज, उलटं तर तुम्हीच सांगताय. बहीण भावाला सोडते." मी म्हटलं, या वेळी भाऊ सोडतोय. त्याने चष्मा काढला. "घरात काही झालंय का?" नवा कागद लावला, पण तिसऱ्या ओळीत पुन्हा तीच चूक केली, आणि स्वतःवरच चिडला. बोटांना माहीतच नव्हतं. साक्षीला राजुरीतलं कुणी आलं नाही. संपतभाऊंचा निरोप सगळ्यांना गेला होता. शेवटी तुकाकाकूंनी अंगठा दिला आणि त्यांच्या भावाने सही केली. अंगठा पुसताना काकू म्हणाल्या, "ह्यानं जागा ऱ्हाती ना? का ह्याची बी पूजा करत्यात?"

अक्षय्य तृतीयेला संपतभाऊ ट्रॅक्टर, भटजी आणि वाजंत्री घेऊन आले. मी कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. तुझं नाव वाचून जास्त वेळ थांबले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "महाराज, तुमी देवाला जागा नाकारली. मंचरात आता कीर्तन मागू नका." मी उत्तर तयार केलं होतं. चांगलं होतं. दिलं नाही. ट्रॅक्टर वळवताना त्यांनी मुद्दाम एका मेंढीच्या अंगावर घातला, ती वाचली.

वैशाख-ज्येष्ठातली अकरा कीर्तनं रद्द झाली. मला वाटलं होतं लोक मला खोटारडा म्हणतील. तसंही कुणी म्हणालं नाही. म्हणतात, महाराजांवर बहिणीने काहीतरी केलं. याचाही मला राग येतो, पण आता तो बोलून दाखवायला कोणी उरलं नाही.

तुला हसू येईल असं एक सांगतो. संस्थानने रस्त्यापलीकडच्या एका शेतकऱ्याची विहीर घेतली. मंदिर आता तिथे होणार. नवी पुस्तिका छापून आली आहे. हात त्या विहिरीत आला होता. त्या विहिरीत आजवर कोंबडीसुद्धा पडलेली नाही. पण दिवाळीपर्यंत कळस चढेल, आणि माझ्याच नावाने चढेल. मी छापखान्यात जाऊन ओरडलो. छापखान्याच्या मालकाने मला चहा दिला.

दारू सोडलेल्यांपैकी दोघे पुन्हा पिऊ लागले, हे तुला सांगायला हवं. तिसरा, आपल्या आळीतल्या लंकाबाईचा मुलगा, मात्र तळावर आला. म्हणाला, "तुमी बी उडी टाकली व्हती, हे आदी का न्हाई सांगितलं?" आणि शेजारी बसून राहिला. तो पीत नाही अजून.

तुकडा तात्यांच्या नावावर कधी करायचा ते तू ठरव, पण त्यांना विचारून ठरव. ते माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. मी रोज तळावर जातो. परवा त्यांनी पहिल्यांदा नुसतं 'ये' म्हटलं. पावसाआधी लोकर कातरायची आहे, पाहुणेरावळे धनगर जमले आहेत, सकाळपासून काम चालतं. मला कात्री हातात दिलेली नाही. मेंढीचे पाय धरायला ठेवलं आहे.

सोमा